बत्तीसचं बत्तीसला बसत नाही

नागपूरकराला ‘बसत नाही’ हे उत्तर पटत नाही. मार्च संपता संपता माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. त्याला शेजाऱ्याच्या जुन्या कूलरचा पंप बसतो, पंपाला मेव्हण्याकडची वायर बसते आणि टाकीच्या भोकात एम-सील बसतं. तीन सवाऱ्यांच्या ऑटोत पाच जण बसतात, सहावा ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसतो. असं सगळ्यांना सामावून घेणारं शहर, आणि त्यात एक वस्तू अशी आहे की जी कोणाचंच ऐकत नाही. ती म्हणजे पिस्तुलाचं मॅगझिन.

वस्तू पाहिली तर काहीच नाही. वीतभरही नसलेली पत्र्याची चपटी नळी. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळ्या वर ढकलणारी एक पट्टी, आणि वरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळवलेल्या दोन कडा. इतवारीतला कुठलाही पत्राकाम करणारा कारागीर ती हातात घेऊन म्हणेल, “हे काय, अर्ध्या तासाचं काम आहे.” त्यानं ते काम करू नये, कारण मग पोलिसांना पाच मिनिटांचं काम लागेल. पण त्याचा आत्मविश्वास हा अस्सल नागपुरी आहे, एवढं मान्य करायला हवं.

धरमपेठेत सकाळी फिरून झालं की मंडळी तर्री-पोह्याच्या गाड्याशी थांबतात. आमच्या घोळक्यात दोघे परवानाधारक आहेत. नावं सांगत नाही, कारण ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्याकडे बहुधा पिस्तूलही असतं. एकाला काकाजी म्हणू, दुसऱ्याला भाऊसाहेब. काकाजींकडे वडिलांच्या वेळची जर्मन वॉल्थर पीपी. हे मॉडेल १९२९ साली निघालं, म्हणजे ते काकाजींपेक्षा वयानं मोठं आहे आणि तब्येतीनंही बरं आहे. भाऊसाहेब काटोलकडचे, संत्र्याचे बागाईतदार. त्यांच्याकडे सरकारी कारखान्यात बनलेली ‘अशनी’. दोन्ही पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक, दोन्ही बत्तीस बोअरची, दोन्हींना गोळी एकच लागते. इथपर्यंत सगळं सोयीचं.

“काकाजी,” भाऊसाहेब एकदा प्लेटमध्ये जास्तीची तर्री ओतून घेत म्हणाले, “तुमच्या पिस्तुलाचं मॅगझिन मले एक दिवस द्या ना. लावून पाहतो.”

“काऊन? तुझं कुठं गेलं?”

“आहे ना. पण एकच आहे. एखादं जास्तीचं पाहिजे ना माणसाजवळ.”

“माझ्याजवळबी एकच आहे.”

“पण बत्तीसचंच आहे ना? मंग बसून जाते.”

काकाजींनी चमचा खाली ठेवला. “नाही बसत, राजा. बत्तीसचं बत्तीसला नाही बसत.”

त्या सकाळी भाऊसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. स्वतःच्या मुलाचं इंजिनिअरिंग अडलं तेव्हाही हा माणूस इतका खचला नव्हता.

काकाजींचं बरोबर होतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, मागे जातो आणि पुढे येताना मॅगझिनमधली सगळ्यात वरची गोळी ढकलत नळीत नेतो. म्हणजे ती गोळी नळीच्या मागे ठरावीक उंचीवर, ठरावीक तिरपेपणानं उभी असायला हवी. ही उंची आणि हा तिरपेपणा त्या दोन वळवलेल्या कडा ठरवतात. शिवाय मॅगझिन मुठीत अडकून राहावं म्हणून त्याच्या अंगाला एक खाच असते. ती कुठे असावी यावर कंपन्यांचं एकमत नाही. काही पिस्तुलांत मॅगझिन सोडायचं बटण ट्रिगरमागे असतं, वॉल्थर पीपीत ते तिथेच आहे. काहींत मुठीच्या तळाशी खटका असतो, जुन्या कोल्ट आणि ब्राऊनिंगमध्ये असायचा तसा. मुठीचा कल वेगळा, मॅगझिनची जाडी वेगळी, लांबी वेगळी. गोळी एकच असली तरी तिच्या घराचा नकाशा प्रत्येक कंपनीनं आपापला काढलेला असतो.

त्यातही खरा धोका न बसणाऱ्या मॅगझिनचा नसतो. ते बिचारं दारातूनच परत जातं. धोका असतो तो बसल्यासारखं वाटणाऱ्याचा. ते आत जातं, ‘खट्’ असा आवाजही होतो, आणि पहिल्या गोळीनंतर दुसरी अर्ध्यात अडकते. अर्धी आत, अर्धी बाहेर. नेमबाजीच्या रेंजवर असं झालं तर एक मालिका जाते. जिवावरच्या प्रसंगी झालं तर काय जातं, हे सांगायला तो माणूस उरत नाही. म्हणून नेमबाज लोक आपल्या एकाच मॉडेलच्या मॅगझिनवरसुद्धा मार्करनं नंबर टाकून ठेवतात. कुठलं कधी अडकलं ते लक्षात राहतं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जाकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. त्या खेळात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. तिथे ‘बसून जाते’ या तत्त्वावर गेलेला माणूस पात्रता फेरीतूनच घरी बसून जातो.

बत्तीसच्या गोळीला तर आणखी एक खोड आहे. जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन माणसानं ती १८९९च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी काढली. तिच्या बुडाशी बाहेर आलेली एक बारीकशी कड आहे. भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की दोघी एकमेकींत अशा गुंततात की स्प्रिंगनं ढकलूनही हलत नाहीत. म्हणजे मॅगझिन ज्याचं त्याचं, पिस्तूल ज्याचं त्याचं, गोळीही बरोबर, आणि तरीही गाडी अडते. भाऊसाहेबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हे तं सहकारी संस्थेच्या मीटिंगसारखं झालं.”

आणि बत्तीस म्हणजे एकच बत्तीस, असंही नाही. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं देशी रिव्हॉल्व्हरही बत्तीसचंच. दुकानात जाऊन ‘बत्तीसच्या गोळ्या द्या’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, “पिस्तुलाच्या की रिव्हॉल्व्हरच्या?” रिव्हॉल्व्हरची बत्तीस लांब, पिस्तुलाची आखूड. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ हे हलकं रिव्हॉल्व्हर आलं, तेही बत्तीसच. अर्धा किलो वजन, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. रिव्हॉल्व्हरवाल्यांना मात्र एक सुख आहे. त्यांच्या हत्याराला मॅगझिनच नसतं. गोळ्यांचं फिरतं चक्र हत्यारालाच जोडलेलं, त्यामुळे ते हरवत नाही, उसनं मागता येत नाही आणि शेजाऱ्याचं बसतं का हा प्रश्न पडत नाही. पोह्याच्या गाड्यावर रिव्हॉल्व्हरवाला असता तर त्यानं शांतपणे दुसरी प्लेट मागवली असती.

मग दुसरं मॅगझिन विकत का घेत नाहीत? काकाजींना हे विचारू नये. विचारलं तर पोहे थंड होतात. १९८०च्या दशकात सरकारनं परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकांना बंद केली. त्याआधी जी पिस्तुलं आली ती आली. आता तीच जुनी वॉल्थर, तीच वेब्ली हातोहात फिरतात आणि दरवेळी किंमत वाढवून फिरतात. ज्या पिस्तुलाला जर्मनीत म्हातारं म्हणून बाजूला ठेवलं असतं, त्याला इथे लाखांचा भाव येतो. पण पिस्तूल लाखाचं असलं तरी मॅगझिन मिळत नाही ते नाहीच. काकाजी आपलं एकमेव मॅगझिन फडक्यात गुंडाळून, फडकं डबीत, डबी कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकूंना ठाऊक नसलेल्या जागी ठेवतात. काकूंना ती जागा ठाऊक आहे, हे काकाजींना ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, पत्र्याची नळीच ती, बनवून घ्यावी. इथे १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो. त्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे नुसतं शस्त्र नाही, शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच. म्हणजे तुमच्या खिशात गोळी नाही, पिस्तूल नाही, नुसती स्प्रिंगवाली नळी आहे, तरी कायदा तुमच्याकडे सशस्त्र माणूस म्हणूनच पाहतो. भाऊसाहेबांनी ‘एक दिवस द्या ना’ म्हणून जे मागितलं ते वाटीभर साखर मागण्याच्या सुरात मागितलं, पण कायद्याच्या दृष्टीनं तो शस्त्राचाच भाग. याच व्याख्येत एक मोठं मनोरंजक वाक्य आहे. घरगुती किंवा शेतीच्या कामाची वस्तू शस्त्र समजू नये, असं सांगताना कायद्यानं उदाहरणं दिली आहेत: लाठी आणि साधी हातातली काठी. ज्यानं हे लिहिलं त्यानं पंचवीस-तीस वर्षांच्या संसारातलं काठीचं स्थान नीट पाहिलेलं नसावं.

२०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. तिसरं वर्षभरात जमा करा, असा हुकूम निघाला. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, हा त्यातला गोड भाग. लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हा तिखट भाग. आनंद व्यक्त करायला नागपुरात डीजे पुरेसा आहे, हे सरकारच्या उशिरा का होईना लक्षात आलं.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की पोलिसांची छाननी समिती बसते, आणि ज्यांना कळवलं जाईल त्यांनी आपलं हत्यार ठाण्यात जमा करायचं. २०२४ मध्ये नागपुरात १९ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. ज्यांना दोन्ही वेळा बोलावणं आलं त्यांच्या पिस्तुलानं त्या वर्षात मालकाचं कपाट जेवढं पाहिलं तेवढाच ठाण्याचा मालखाना पाहिला असेल. भाऊसाहेबांना ठाण्याच्या दारात भेटलो तेव्हा त्यांना पिस्तुलाची काळजी नव्हती. “पावतीवर मॅगझिन लिवलं का नाही ते पाहून घ्या ना,” असं ते आत ज्याला त्याला सांगून राहिले होते. पिस्तूल परत मिळालं आणि मॅगझिन हरवलं तर हातात राहतो तो लोखंडाचा तुकडा. तोही परवान्यावर.

नागपूरच्या वर्तमानपत्रांनी हा सगळा गोंधळ एका शब्दात मिटवून टाकला आहे. आपल्या बातम्यांत पकडलं गेलेलं प्रत्येक पिस्तूल हे माऊझर असतं. ‘माऊझरसह दोन जिवंत काडतुसे जप्त.’ काडतुसं जिवंत कशी असतात, हे मेलेल्या काडतुसाला विचारावं. पण पकडलेलं पिस्तूल मात्र माऊझर नसतं. खरं माऊझर सी-९६ हे जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या कारखान्याचं १८९६ सालचं पिस्तूल. गंमत अशी की त्या मूळ माऊझरला सुटं मॅगझिनच नाही. दहा गोळ्यांचा कप्पा ट्रिगरच्या पुढे अंगालाच जोडलेला, आणि वरून पट्टीनं गोळ्या भरायच्या. बातमीतलं ‘माऊझर’ बहुतेक वेळा चोरून कुठेतरी हातानं घासून, कानशीनं रेटून बनवलेलं असतं. त्याला ज्या मॅगझिनबरोबर बनवलं तेच बसतं. कधीकधी तेही नाही.

एकसारखेपणाचं महत्त्व कोणाला कळलं असेल तर ते इंग्रजी अमलातल्या क्रांतिकारकांना. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राऊनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या खोट्या तळातून मुंबईला पाठवली. त्यांतल्याच एका पिस्तुलानं अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास माऊझर पिस्तुलं आणि शेहेचाळीस हजार काडतुसं बंगाली क्रांतिकारकांनी पळवली. ती खरीखुरी माऊझर होती, बातमीतली नव्हेत. एकच माल, एकच काडतूस, म्हणजे एकाचं दुसऱ्याला चालणार. चंद्रशेखर आझादांचं कोल्ट पिस्तूल अलाहाबादच्या संग्रहालयात आहे, आणि तेही बत्तीसचंच. काकाजी हे सांगताना दरवेळी थोडे ताठ होतात, जणू वॉल्थर आणि कोल्ट एकाच आळीत वाढले. पण आझादांचं मॅगझिनही काकाजींच्या पिस्तुलाला बसलं नसतं. इतिहासाचा आदर करावा, खाच मात्र तपासून घ्यावी.

एकाचा भाग दुसऱ्याला बसावा ही कल्पनाच मुळी बंदुकीतून आली. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककारानं १७८५च्या सुमारास पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग मिसळून, हाताला येईल तो भाग उचलून जोडून दाखवले. अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९८ साली सरकारकडून दहा हजार बंदुकांचा ठेका घेतला आणि दोन वर्षांत देतो म्हणाला. मधे १८०१ साली त्यानं बड्या लोकांपुढे भाग अदलाबदल करून दाखवले, टाळ्या घेतल्या. पुढे इतिहासकारांनी शोधून काढलं की ते भाग आधीच खुणा करून ठेवलेले होते. शेवटची खेप पोचायला १८०९ साल उजाडलं. नागपूरच्या रस्त्यांचे ठेकेदार एली व्हिटनीचा फोटो ऑफिसात का लावत नाहीत, हे मला कळत नाही.

आज अमेरिकेत ही समस्या त्यांनी अमेरिकन पद्धतीनं सोडवली आहे, म्हणजे आणखी विकून. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीच्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांत ग्लॉक-१७चं सतरा गोळ्यांचं लांब मॅगझिन लहान ग्लॉक-१९ला चालतं आणि त्याहून लहान ग्लॉक-२६लाही. खाली थोडं बाहेर डोकावतं, एवढंच. उलट मात्र नाही. एकोणीसचं पंधरा गोळ्यांचं मॅगझिन सतरामध्ये घातलं तर ते खटक्यापर्यंत पोचतच नाही. तरी लोकांच्या घरी ग्लॉकची मॅगझिनं एवढी साचली की रुगर, केल-टेक अशा दुसऱ्या कंपन्यांनी ग्लॉकचं मॅगझिन घेणाऱ्या बंदुका काढल्या. आधी मॅगझिन, मग त्याला साजेशी बंदूक. काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्याकडे मॅगझिन होतं, बंदूकही होती, फक्त देश चुकला होता. आणि नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे सामान्य माणसाला मिळतच नाही. ते प्रतिबंधित बोअर, फौज-पोलिसांचं. आपल्या फौजेचं जुनं नऊ मिलिमीटर पिस्तूल बंगालमधल्या ईशापूरचं, कॅनडात बनलेल्या ब्राऊनिंग हाय-पॉवरच्या नमुन्यावर केलेलं, तेरा गोळ्यांचं. ते भाऊसाहेबांनी फक्त कामठीच्या छावणीबाहेरून, पहारेकऱ्याच्या कमरेला पाहिलं आहे. तेवढ्यातही त्यांनी विचार केला असणार, हे मॅगझिन आपल्याला बसेल का.

खरं तर हत्यारांच्या बाबतीत नागपूर काही परकं गाव नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या एकेचाळीस कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली. त्यांतल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपूरला आलं, अंबाझरीच्या कारखान्याची परंपरा असलेल्या गावात. पण वाटणीत बंदुका कानपूरच्या कंपनीकडे गेल्या आणि गोळ्या पुण्याच्या. म्हणजे भाऊसाहेबांचं पिस्तूल एका घराचं, त्यातली गोळी दुसऱ्या घरची, आणि नागपूरच्या वाट्याला तोफगोळ्यांची कवचं. तोफगोळ्याचं कवच घरात ठेवता येत नाही. ठेवलं तरी पिस्तुलाला बसत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणूस परवाना काढतो तो पिस्तुलानं आपलं रक्षण करावं म्हणून. अर्ज भरतो, पोलीस चौकशी होते, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडतो, हत्यार सुरक्षित कुठे ठेवणार ते लिहून देतो. आणि मग उरलेलं आयुष्य तो पिस्तुलाचं रक्षण करण्यात घालवतो. मुलांपासून लपवायचं, चोरापासून लपवायचं, नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवायची, बोलावणं आलं की ठाण्यात न्यायचं, परत आणायचं, तेल लावायचं, आणि सगळ्यात जास्त जपायचं ते त्या पत्र्याच्या नळीला. काकाजींनी त्यांच्या वॉल्थरनं कोणाला धाक घातल्याचं आमच्या पाहण्यात नाही. वॉल्थरनं काकाजींना मात्र आयुष्यभर धाकात ठेवलं आहे.

तेव्हा परवान्याचा विचार करणाऱ्या वाचकाला एवढंच सांगणं आहे. दुकानात गेल्यावर पिस्तुलाची चमक पाहू नका. त्याचं दुसरं मॅगझिन कायदेशीर मार्गानं मिळतं का, ते आधी विचारा. शेजाऱ्याचं ‘बसून जाते’ यावर भरवसा ठेवू नका. आणि दुकानदार नाही म्हणाला, तर सरळ बाहेर या आणि एक चांगली वेताची काठी घ्या. कायद्यानं तिला शस्त्र मानलेलं नाही, तिला परवाना लागत नाही, निवडणुकीत ती जमा करावी लागत नाही. आणि ती कोणाच्याही हातात बसते.